कोरोनानंतर नगरपरिषदेच्या सेवा मोजायच्या कशा : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सभेपुढे सेवांचा आढावा येतो तेव्हा त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘मागील कालावधीच्या तुलनेत समाधानकारक सुधारणा.’ मागील कालावधी कुठला, असं विचारलं की उत्तर येतं २०२०-२१, नाहीतर २०२१-२२. त्या दोन वर्षांत बराच काळ कार्यालयं अर्ध्या माणसांवर चालली, हॉटेलं बंद होती, पर्यटक नव्हते, वसुली थांबली होती. त्या आकड्यांशेजारी आजचा कुठलाही आकडा ठेवला तरी तो चांगलाच दिसणार. दुसरी चूक याहून जुनी आहे : ज्याचं काम मोजायचं तोच आकडा लिहितो आणि तोच तपासतो.

हा लेख कोकण किनाऱ्यावरच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. मुख्याधिकारी, विभागप्रमुख, विषय समित्यांचे सभापती, नगरसेवक आणि आपल्या प्रभागाचा हिशेब मागणारे नागरिक, सगळ्यांना तो वापरता येईल. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक ठिकाणी तक्ता आधी छापला जातो आणि तक्त्यात काय भरायचं ते नंतर ठरतं. तिथेच सगळं बिनसतं.

टप्पा १ : माणूस, वह्या आणि यादी

याला साधारण तीन आठवडे द्या. किनाऱ्यावरच्या बहुतेक नगरपरिषदा ‘क’ वर्गातल्या, म्हणजे लोकसंख्येने लहान. स्वतंत्र संख्याशास्त्र कक्ष वगैरे तिथे शक्य नाही, आणि गरजही नाही.

१. आढाव्यासाठी एकच कर्मचारी नेमा. तो पाणीपुरवठा किंवा आरोग्य विभागातला नको. लेखा किंवा आस्थापना विभागातला, नोंदी नीट ठेवणारा माणूस चालेल. नेमणुकीचा आदेश मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने काढा, त्यात ‘सर्व विभागांच्या मूळ नोंदवह्या पाहण्याचा अधिकार’ हे शब्द हवेत. ते नसतील तर वॉलमन (वॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा कर्मचारी) त्याला लॉगबुक दाखवणार नाही.

२. मूळ वह्या कुठे आहेत ते शोधा : पाण्याच्या टाक्यांची लॉगबुकं, पंपिंग स्टेशनची नोंद, घंटागाड्यांची फेरीवही, डिझेलच्या पावत्या, सफाई कामगारांचा हजेरीपट, तक्रार नोंदवही, दाखल्यांची आवक-जावक, कर विभागाचं मागणी-वसुली-शिल्लक पत्रक. वही कुणाच्या घरी असेल तर तीही मागवून घ्या.

३. मोजायचे आकडे बारापेक्षा जास्त नकोत. पाण्याचे चार, कचऱ्याचे तीन, आरोग्याचे दोन, दाखले-तक्रारींचे दोन आणि दिवाबत्तीचा एक. चाळीस रकान्यांचा तक्ता पहिल्या महिन्यात उत्साहाने भरला जातो आणि तिसऱ्या महिन्यापासून मागचेच आकडे पुढे उतरतात.

४. साहित्य : लांब मोजपट्टी, पाण्यातलं क्लोरीन तपासायचे ओटी संच (किमान तीन), प्रभागनिहाय नकाशे, प्रत्येक टाकीचा आतला व्यास लिहिलेला कागद.

*तपासणी :* पुढे जाण्याआधी मागच्या महिन्यातला कुठलाही एक दिवस निवडा आणि त्या दिवसाची टाकी क्रमांक १ ची नोंद मूळ वहीतून काढून दाखवायला सांगा. दहा मिनिटांत निघाली तर तयारी झाली. निघाली नाही तर आधी वह्यांचं बघा.

टप्पा २ : तुलना कशाशी करायची ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कोकणात तर दुप्पट, कारण इथे टाळेबंदी एकटी आली नाही. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत खांब आणि छपरं पाडली. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. त्या काळातली दिवाबत्तीची, पाण्याची किंवा कचऱ्याची आकडेवारी साथीचा परिणाम दाखवते की वादळाचा, हे कुणालाही वेगळं करून सांगता येणार नाही.

म्हणून असं करा :

१. मार्च २०२० ते मार्च २०२२ हा काळ तुलनेतून पूर्ण वगळा. नोंदी जपून ठेवा, पण आधार म्हणून वापरू नका.

२. पहिला आधार : एप्रिल २०१८ ते फेब्रुवारी २०२०. साथीआधी आपली सेवा खरोखर कशी होती ते यातून कळतं.

३. दुसरा आधार : २०२२-२३. घडी परत बसायला लागल्यानंतरचं ते पहिलं पूर्ण वर्ष.

४. जुलैची तुलना जुलैशीच, मेची मेशीच. जुलै आणि मे ही कोकणात जणू दोन वेगळी शहरं असतात. ‘मागच्या महिन्यापेक्षा’ ही तुलना इथे निरुपयोगी आहे.

५. गणपतीचे दिवस वेगळे काढा. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. चाकरमानी आले की पाणी, कचरा, दिवे, सगळ्यांवर ताण वाढतो. नुसता सप्टेंबर सप्टेंबरशी लावला तर एका वर्षी सगळे गणपती त्यात येतात आणि दुसऱ्या वर्षी निम्मेच. चतुर्थीच्या चार दिवस आधीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा काळ स्वतंत्र ओळीत लिहा.

पुरात जुनं दप्तर भिजून गेलं असेल तर पहिला आधार उभा करायला दोन जागा आहेत : महावितरणची पंपिंगची वीजबिलं आणि लेखा विभागाची डिझेलची देयकं. त्यावरून पाणी किंवा फेऱ्यांचा अंदाज निघतो. त्यापुढे ‘अंदाज’ असं ठळक लिहा.

*सावधान :* साथीआधी तक्रार करायला माणूस कार्यालयात यायचा. आता फोन, व्हॉट्सअॅप आणि ऑनलाइन तक्रार आली. त्यामुळे तक्रारींची संख्या वाढली म्हणजे सेवा बिघडली, असं नाही. तक्रारींची एकूण संख्या जुन्या काळाशी ताडून बघूच नका. किती तासांत सुटल्या, एवढंच बघा.

टप्पा ३ : प्रत्येक आकड्याची व्याख्या कागदावर

प्रत्येक आकड्यासाठी अर्ध्या पानाचा कागद करा. त्यात सहा गोष्टी : काय मोजायचं, भागाकारात वर काय आणि खाली काय, मूळ नोंद कुठली, कोण लिहिणार, कोण पडताळणार, आणि आकड्याची विश्वासार्हता. शेवटच्यासाठी केंद्राच्या २००८ सालच्या सेवा-मानकांतली अ ते ड ही श्रेणी वापरा. प्रत्यक्ष मोजणीतून आलेला आकडा ‘अ’, निव्वळ अंदाजाचा ‘ड’. त्याच मानकांत पाण्यासाठी दरडोई रोज १३५ लिटर आणि २४ तासांत ८० टक्के तक्रारींचं निवारण, अशी उद्दिष्टं आहेत. ती भिंतीवर लावा, पण पहिल्या वर्षी आपली तुलना आपल्याशीच करा.

इथे कोकणाचा एक खास प्रश्न आहे तो बंद घरांचा. ‘घरोघरी कचरा संकलन’ काढताना खाली घरांची संख्या येते. ती कर आकारणी नोंदवहीतून घेतली तर वर्षातले दहा महिने कुलूप असलेली घरंही तीत येतात आणि टक्का विनाकारण पडतो. ती वगळली तर मे महिन्यात आणि गणपतीत तीच घरं उघडतात, गाडी मात्र त्यांच्या दारात जात नाही. उपाय : बंद घरांची प्रभागनिहाय यादी करा, ती डिसेंबरात आणि एप्रिलच्या सुरुवातीला ताजी करा, आणि टक्का दोनदा काढा, उघड्या घरांवर वेगळा आणि सणासुट्टीच्या दिवसांत सगळ्या घरांवर वेगळा.

साथीनंतर मालमत्तांचं नव्याने सर्वेक्षण झालं असेल तर घरांची संख्या एकदम वाढलेली असते. सर्वेक्षणाचा महिना कागदावर लिहा. नाहीतर पुढच्या सभापतीला वाटेल की त्या वर्षी कचऱ्याची सेवा कोसळली.

टप्पा ४ : पाणी

पाण्याचे चार आकडे : दरडोई पाणी, पुरवठ्याची मिनिटं, शेवटच्या टोकाचं क्लोरीन आणि २४ तासांत सुटलेल्या तक्रारी.

*दरडोई पाणी.* घरोघरी मीटर नसले तरी टाकीवरून चांगला आकडा निघतो. गोल टाकीचा आतला व्यास ८ मीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ ५०.२७ चौरस मीटर. म्हणजे पातळी १० सेंटिमीटरने उतरली की साधारण ५,००० लिटर पाणी गेलं. कृती अशी :

१. पुरवठा सुरू करण्याआधी टाकीत येणारा वॉल्व्ह पूर्ण बंद करा.
२. पातळी मोजा, वेळ लिहा.
३. फक्त एका झोनचा (एका वेळी पाणी सोडायच्या भागाचा) वॉल्व्ह उघडा.
४. पुरवठा संपला की पुन्हा पातळी मोजा.
५. उतार गुणिले क्षेत्रफळ. तो १.८० मीटर असेल तर सुमारे ९०,५०० लिटर. झोनमध्ये ८४० माणसं असतील तर माणशी साधारण १०८ लिटर.

यात तीन चुका होतात. येणारा वॉल्व्ह चालू राहतो, मग गेलेलं पाणी कमी दिसतं. दिवसाआड पुरवठा असताना दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या खात्यात पडतं, म्हणजे आकडा दुप्पट. आणि माणसांची संख्या जुन्या जनगणनेतून घेतली जाते. नळजोडण्यांवरून आणि प्रत्यक्ष वीस-पंचवीस घरं विचारून सरासरी काढा, ती जास्त खरी येते.

लक्षात ठेवा, हे टाकीतून निघालेलं पाणी आहे, नळाला पोचलेलं नव्हे. वाटेत किती गळलं ते मीटरशिवाय सांगता येत नाही. गळतीचा टक्का ज्यांनी मोजलाच नाही, त्यांनी तो रकाना रिकामा ठेवावा. ‘२० टक्के’ हा मानकातला आकडा तसाच उतरवून देणं ही फसवणूक आहे, आणि पुढच्या योजनेचा आराखडा त्याच आकड्यावर उभा राहतो.

टाकीचीही तपासणी करा. रात्री सगळे वॉल्व्ह बंद करून पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. उतरली असेल तर टाकी झिरपते किंवा वॉल्व्ह बसत नाही. जुन्या टाक्यांबाबत हा दोष सर्रास सापडतो आणि दुरुस्ती पाइपलाइन खोदण्यापेक्षा खूप स्वस्त असते.

*पुरवठ्याची मिनिटं.* वॉलमनच्या वहीतली वेळ ही वॉल्व्ह उघडल्याची. चढावरच्या वाडीत पाणी पोचायला त्यानंतर वीस मिनिटंही लागतात. म्हणून प्रत्येक झोनमध्ये सर्वांत उंचावरची दोन आणि सर्वांत टोकाची दोन घरं निवडा, तिथल्या माणसांना पाणी आल्याची नि गेल्याची वेळ लिहायला सांगा. महिन्यात चार दिवस पुरे.

*क्लोरीन.* पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन लागतं. तपासणी टाकीखालच्या नळावर करू नका, तिथे ते नेहमीच मिळतं. झोनच्या शेवटच्या घरी, थेट जलवाहिनीवरच्या नळाला तपासा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाला नाही. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग नमुना घ्या. ओटीचे थेंब टाकल्यावर रंग लगेच ताडून बघा. वेळ गेला की संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या इतर द्रव्यांशी जोडलं गेलेलं, कमी प्रभावी) रंग देतं आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं.

क्लोरीन वारंवार कमी येत असेल तर आधी ब्लीचिंग पावडरीची गोणी बघा. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पावसाळी दमट हवेत, फुटक्या गोणीत ते झपाट्याने घटतं. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम मात्रा द्यायला १०० ग्रॅम क्लोरीन लागतं. म्हणजे ताजी पावडर साधारण ३०० ग्रॅम, पण २० टक्क्यांवर आलेली पावडर ५०० ग्रॅम. गोणीवर खरेदीची तारीख लिहा, जमिनीपासून वर फळीवर ठेवा, आधी आलेली आधी वापरा. पहिल्या पावसात नदीचं पाणी गढूळ होतं तेव्हा गाळच क्लोरीन खातो, त्या दिवसांत मात्रा वाढवावी लागते.

जिवाणू तपासणीच्या बाटलीत आधीच थोडं रसायन असतं, क्लोरीन मारण्यासाठी. ती बाटली धुवायची नाही. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. एसटीने पाठवलेला, उन्हात दिवसभर राहिलेला नमुना तपासून काही उपयोग नाही.

*सावधान :* पाणी कमी आलं तर कारणाचा रकाना भरायलाच हवा. चिपळूणसारख्या शहरात वाशिष्ठीची पातळी कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या अवजलावर अवलंबून असते. निर्मिती थांबली की जॅकवेलला (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीला) पाणी लागत नाही. तो दोष वॉलमनच्या माथी नको. एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरी आटतात, किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ होतात. टँकरच्या फेऱ्या वेगळ्या लिहा, नळाच्या पाण्यात मिसळू नका.

टप्पा ५ : कचरा

तीन आकडे : गाडी पोचलेली घरं, वेगळा केलेला कचरा आणि प्रक्रिया झालेला कचरा.

फेऱ्यांची संख्या म्हणजे सेवा नव्हे. गाडी फिरते, घंटा वाजते, पण पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) खाली असलेल्या घरांपर्यंत कुणी उतरत नाही. दर महिन्याला प्रत्येक प्रभागातली दहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि सकाळी गाडीच्या वेळेला तिथे उभं राहून बघा. मुकादमाला आदल्या दिवशी कळता कामा नये.

वजनकाटा नसेल तर महिन्यात तीन दिवस खाजगी काट्यावर प्रत्येक गाडी भरलेली तोला. रिकामी गाडी एकदा तोलून ते वजन वजा करा. तीनपैकी मधला आकडा घ्या. जून ते सप्टेंबर कचरा पाणी पिऊन जड होतो, तेव्हा ‘संकलनात वाढ’ असं लिहू नका. गाडीवर ताडपत्री होती की नाही तेही वहीत लिहा, त्याने वजनात मोठा फरक पडतो.

वेगळा केलेला कचरा डेपोवर मोजू नका. डेपोवर कामगार वेगळा करतात, ते घरांचं श्रेय नाही. दारात, डब्यात बघा. साथीनंतर सॅनिटरी पॅड, डायपर, मास्क, वापरलेल्या सुया यांचं प्रमाण दुर्लक्षून चालत नाही. ते ओल्या-सुक्यात मिसळलेले दिसले तर त्या घराची नोंद ‘मिश्र’. वेंगुर्ल्याने कचरा बारीक प्रकारांत वेगळा करून दाखवला आहे. किनाऱ्यावरच्या छोट्या शहराला हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

*तपासणी :* फेऱ्या, किलोमीटर आणि डिझेल हे तीन आकडे शेजारी ठेवा. फेऱ्या तेवढ्याच आणि डिझेल वाढलं, तर गाडी दुरुस्तीला आली आहे किंवा नोंद खोटी आहे. डिझेल कमी आणि फेऱ्या जास्त, तर नोंद नक्कीच खोटी आहे.

टप्पा ६ : आरोग्य आणि दिवाबत्ती

आरोग्यात दोनच आकडे घ्या. पहिला : वर्ष पूर्ण झालेल्या बालकांपैकी लसीकरण पूर्ण झालेली किती. साथीत नियमित लसीकरणाचे वार चुकले, नंतर आई-बाळ माहेरी, मुंबईला, पुन्हा इकडे, अशा फिरतीत नावं सुटली. यादी आशा कार्यकर्तीच्या वहीशी आणि जन्मनोंदणीशी जुळवा, नुसत्या दवाखान्याच्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरा : डासांच्या अळ्या सापडलेल्या घरांचा टक्का. तपासलेली घरं खाली, अळ्या सापडलेली वर. जून ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला. पिंपं, टायर, नारळाच्या करवंट्या, उघड्या होड्या, छपरावरची ताडपत्री, सगळं बघायचं. बंद घरांची आवारं सुटतात आणि डेंगीचे डास तिथेही वाढतात, म्हणून शेजाऱ्याच्या साक्षीने बाहेरचं आवार तपासा. धूरफवारणीच्या फेऱ्या मोजू नका. धुराने अळ्या मरत नाहीत.

मृत्यूनोंदीच्या आकड्यांवरून २०२०-२१ चे निष्कर्ष काढू नका. नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. मुंबईत किंवा कोल्हापुरात रुग्णालयात गेलेला माणूस आपल्या वहीत येतच नाही.

दिवे : महिन्यातून एका रात्री दुचाकीवरून प्रत्येक प्रभागातला एक रस्ता, बंद खांब भागिले एकूण खांब. रस्ता दर महिन्याला बदला.

टप्पा ७ : दाखले आणि तक्रारी

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी ठरलेले असतात, आणि ती यादी कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. विनाकारण विलंब झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदतीत दिलेल्या दाखल्यांचा टक्का काढणं सोपं आहे. तो खरा काढणं कठीण, कारण तो फुगवायच्या तीन वाटा आहेत.

पहिली : अर्ज टेबलावर ठेवायचा, पोच द्यायची नाही, काम व्हायच्या आदल्या दिवशी ऑनलाइन चढवायचा. दुसरी : शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत करायचा, म्हणजे पुन्हा भरल्यावर मुदत नव्याने सुरू. तिसरी : दाखला ‘तयार’ दाखवायचा आणि सहीसाठी आठ दिवस पडून ठेवायचा. म्हणून मोजणी अर्जदार पहिल्यांदा खिडकीवर आला त्या तारखेपासून ते दाखला त्याच्या हातात पडला त्या तारखेपर्यंत. महिन्याला वीस अर्जदारांना फोन करून दोन्ही तारखा विचारा. त्रुटी काढून परत केलेल्या अर्जांची संख्या वेगळी लिहा. ती अचानक वाढली की समजा, पाणी मुरतंय.

सरासरी दिवस काढू नका. एक जुनं अडकलेलं प्रकरण सगळा आकडा ओढतं. दहापैकी नऊ अर्ज किती दिवसांत झाले, एवढं लिहा, आणि उरलेला का अडकला ते नावाशिवाय एका ओळीत.

तक्रारींतही तेच. ‘निकाली’ म्हणजे काय ते ठरवा : कर्मचारी जाऊन आला, की तक्रारदार म्हणाला झालं? दुसरंच धरा. निकाली दाखवलेल्या तक्रारींपैकी दर महिन्याला दहा उचलून फोन करा. दहापैकी तीन जण ‘नाही झालं’ म्हणाले तर त्या महिन्याचा टक्का सभेपुढे ठेवू नका, आधी विभागाकडे परत पाठवा.

टप्पा ८ : जागेवरची पडताळणी

पडताळणी उलटसुलट विभागांनी करायची. कर विभागाचा माणूस क्लोरीन तपासेल, पाणी विभागाचा घंटागाडी बघेल, स्वच्छता निरीक्षक दिवे मोजेल. दोन तासांच्या प्रशिक्षणात हे जमतं. घरं, नळ, रस्ते चिठ्ठ्या टाकून निवडा, त्याच सकाळी. नगरसेवकांनी सुचवलेली ठिकाणं वेगळ्या यादीत घ्या, कारण तिथे आधीच बोंब असते आणि सगळं शहर तसं नसतं.

वहीतला आकडा आणि जागेवरचा आकडा यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर त्या आकड्याची श्रेणी एक पायरी खाली आणा. शिक्षा मात्र पहिले तीन महिने कुणालाही नको. खरा पण वाईट आकडा देणाऱ्याला पहिल्याच सभेत झापलं तर पुढच्या महिन्यापासून सगळे आकडे गोड येतील आणि ही सगळी मेहनत वाया जाईल.

*खूण :* तीन महिने लागोपाठ तोच आकडा, पूर्ण १००, किंवा सगळे आकडे पाच-दहाच्या पटीत, यांतलं काहीही दिसलं तर मूळ वही मागवा.

टप्पा ९ : एक पान, आणि सभेतली वीस मिनिटं

निवडणुका लांबल्याने बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते. त्या काळात विषय समित्या नव्हत्या आणि दर महिन्याला समितीपुढे हिशेब ठेवायची सवय मोडली. ती आदेशाने परत येत नाही, विषयपत्रिकेत कायमचा विषय घालून येते.

एका पानावर बारा ओळी. प्रत्येक ओळीत : या महिन्याचा आकडा, गेल्या वर्षीचा तोच महिना, साथीआधीचा तोच महिना, श्रेणी, आणि एका वाक्यात कारण. आलेख नकोत. दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत विभागांनी आकडे द्यायचे, १२ पर्यंत पडताळणी, १५ ला पान समितीपुढे.

सभेत बाराही ओळी वाचू नका. सर्वांत जास्त घसरलेल्या दोन घ्या. प्रत्येकीवर तीनच प्रश्न : काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. उत्तर इतिवृत्तात शब्दशः उतरवा आणि पुढच्या महिन्याचं पान त्या उत्तरापासून सुरू करा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे उत्तर सभापतींनी स्वीकारूच नये.

तेच पान फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ ला स्वतःहून माहिती जाहीर करणं अपेक्षितच आहे. ‘ड’ श्रेणीचे आकडेही लावा, श्रेणीसकट. लपवले तर लोक उरलेल्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

टप्पा १० : वादळ किंवा पूर आला तर

आला की बाराही आकडे थांबवा आणि चारच चालू ठेवा, तेही रोजचे : किती झोनना पाणी गेलं, टोकाच्या नळाला क्लोरीन, किती प्रभागांतून कचरा उचलला, ताप-जुलाबाचे किती रुग्ण. एका वहीत, पेनाने. वीज आणि नेटवर्क नसताना संगणकावर विसंबू नका.

मूळ वह्यांचे फोटो दर शनिवारी काढून शहराबाहेरच्या एका ठिकाणी साठवा. वह्यांचं कपाट तळमजल्यावर नको. नदीकाठच्या शहरात तर पहिल्या मजल्यावरही २०२१ ची पूररेषा बघूनच जागा ठरवा. घडी बसल्यावर नेहमीची नोंद ज्या दिवशी पुन्हा सुरू होईल, त्या दिवशीच्या पानावर खंड कुठून कुठपर्यंत पडला ते लाल शाईने लिहा आणि मुख्याधिकाऱ्यांची सही घ्या. तेवढे दिवस पुढच्या वर्षीच्या तुलनेतून वगळायचे आहेत.